बंद दाराच्या आत
(शास्त्रवाचन : निर्गम १२:१-४२, इब्री ११:२३-२९)

वल्हांडणाचा पाठ शब्बाथशाळेत दरवर्षी येतो, आणि बहुतेक शिक्षक तो एकाच रीतीने शिकवितात. मुलांना कागद द्यावयाचा, त्यावर घराचे दार काढावयास सांगावयाचे, आणि दाराच्या दोन्ही बाह्यांवर व कपाळपट्टीवर तांबडा रंग भरून घ्यावयाचा. आम्हीही पुष्कळ वर्षे असेच शिकविले. मध्यंतरी आमच्या मंडळीतील एका शिक्षिकाबाईंच्या वर्गात नऊ-दहा वर्षांचा एक मुलगा रंग देता देता थांबला आणि म्हणाला, "बाई, रक्त तर दाराबाहेर लावलंय. मग आत बसलेल्या थोरल्या मुलाला ते दिसत होतं का?" तो स्वतः आपल्या घरात थोरला. "त्याचा देवावर विश्वास होता" असे सांगून बाईंनी वेळ निभावून नेली. पण समाधान ना मुलाचे झाले, ना त्यांचे. उपासना संपल्यावर त्यांनी तो प्रश्न आमच्यापुढे ठेवला. आजचा पाठ आम्ही त्या प्रश्नाला धरूनच लिहीत आहोत.

त्या रात्री दारे लावून बसलेले लोक कोण होते, हे आधी पाहू. ते विश्वासवीर होते अशी आपली समजूत असल्यास ती सोडून द्यावी. मोशे प्रथम सुटकेचे वचन घेऊन आला तेव्हा लोकांनी विश्वास ठेविला व नमन केले खरे (निर्ग. ४:३१). पण फारोने विटांसाठी मिळणारे गवत बंद केले, विटांची संख्या मात्र तीच ठेविली, त्याबरोबर त्यांचा सूर बदलला. आमचा वास घेणेही फारोला नकोसे करून ठेविलेस, असे त्यांनी मोशेला तोंडावर सुनाविले (५:२१). मोशेने दुसऱ्यांदा तेच वचन सांगितले तेव्हा त्यांनी ऐकूनही घेतले नाही. याचे कारण पवित्र शास्त्र मोठ्या सहानुभूतीने देते : त्यांचे मन खचले होते व दास्य कठीण होते (६:९). दिवसभर चिखल तुडवून आलेल्या माणसाला वचन ऐकण्याचेही त्राण उरत नाही, हे कष्टकऱ्यांच्या घरात वाढलेल्या आपल्या वाचकांना वेगळे सांगावयास नको.

पुढे मिसर देशावर पीडा आल्या. वाचताना एक गोष्ट सहज नजरेतून निसटते. गोमाश्यांच्या पीडेत परमेश्वराने गोशेन प्रांत वेगळा ठेविला (८:२२). गुराढोरांवर मरी आली तेव्हा इस्राएलाचे एकही जनावर मेले नाही (९:६). गारांचा वर्षाव झाला, पण गोशेनात नाही (९:२६). तीन दिवस निबिड अंधार पडला, पण इस्राएल लोकांच्या वस्तीत प्रकाश होता (१०:२३). या चारही वेळी इस्राएल लोकांना काय करावे लागले? काही नाही. ते इस्राएल होते, गोशेनात राहत होते, एवढे पुरे झाले. दहाव्या पीडेच्या वेळी मात्र तसे नव्हते. गोशेनात राहतो, अब्राहामाच्या वंशातला आहे, एवढ्यावर त्या रात्री कोणाचेही घर वाचणार नव्हते.

असे का? देवाला आपले लोक ओळखू येत नव्हते म्हणून खूण हवी होती काय? मुळीच नाही. ती खूण तुमच्यासाठी आहे, असे देवच म्हणतो (१२:१३). खरे कारण आपल्याला फार पुढे, यहोशवाच्या शेवटच्या भाषणात सापडते. तुमच्या पूर्वजांनी मिसरात ज्या देवांची सेवा केली ते आता टाकून द्या, असे तो लोकांस सांगतो (यहो. २४:१४). म्हणजे मूर्ती केवळ फारोच्या वाड्यात नव्हत्या, इस्राएलाच्या झोपड्यांतही होत्या. मिसराच्या सर्व देवांचा न्याय करीन असे परमेश्वराने म्हटले (१२:१२), तेव्हा त्या न्यायाच्या कक्षेत इस्राएलाची घरेही आली. आपण जन्मापासून मंडळीत आहो, आजोबांनी मिशनच्या शाळेत बाप्तिस्मा घेतला, घराण्यात दोन पाळक होऊन गेले, असे म्हणणाऱ्या आपल्यापैकी कित्येकांनी येथे थोडे थांबून विचार करावा.

आता आज्ञा पाहू. ती एका रात्रीची नव्हती. महिन्याच्या दहाव्या दिवशी कोकरू निवडावयाचे, चौदाव्या दिवसापर्यंत ते राखावयाचे व त्या संध्याकाळी ते कापावयाचे. कोकरू मेंढरांतले वा शेरडांतले, नर, एक वर्षाचे व निर्दोष असावे. या चार दिवसांबद्दल शास्त्र काही सांगत नाही, पण ज्यांच्या अंगणात कधी करडू बांधलेले असते त्यांना कल्पना येईल. चार दिवसांत मुले त्याला नाव ठेवतात, स्वतःच्या ताटातला तुकडा नेऊन घालतात, सकाळी उठल्याबरोबर आधी त्याच्याकडे धावतात. चौदाव्या दिवशी संध्याकाळी बापाने सुरी घेतली तेव्हा थोरल्या मुलाला काय वाटले असेल? याच्या जागी आपण, एवढे तर त्याला कळलेच असेल.

शिवाय ही आज्ञा धोक्याची होती. थोडेच दिवस आधी फारो मोशेला म्हणाला होता की, येथेच, या देशातच यज्ञ करा. त्यावर मोशेने उत्तर दिले की, मिसऱ्यांना ज्याची किळस वाटते असा यज्ञ त्यांच्या डोळ्यांदेखत केला तर ते आम्हाला दगडमार करतील (८:२६). आता नेमके तेच करावयाचे होते. सर्व समुदायाने एकाच संध्याकाळी कोकरे कापावयाची आणि त्यांचे रक्त घराच्या दर्शनी भागाला लावावयाचे, येणाऱ्याजाणाऱ्या मिसऱ्याला दिसेल असे. दहावी पीडा आली नसती तर दुसऱ्या दिवशी त्या तांबड्या चौकटी मुकादमांना आयत्याच सापडल्या असत्या. विश्वास ही मनातल्या मनात ठेवावयाची गोष्ट आहे असे मानणाऱ्याला त्या रात्री चौकटीला हात लावण्याचे धैर्य झाले नसते.

आपल्या मंडळ्यांतून येथे एक शंका नेहमी विचारली जाते, आणि ती योग्यच आहे. तारण विश्वासाने, कर्माने नव्हे, असे आपण शिकवितो. मग रक्त लावणे हे कर्म नव्हे काय? आमचे उत्तर असे. कोकरू कापले गेले व त्याचे रक्त पात्रात आले, एवढ्याने कोणतेही घर सुरक्षित झाले नाही. एजोबाची जुडी त्यात बुडवून ते चौकटीला लावावे लागले (१२:२२). त्याच वेळी हेही खरे की, जुडी धरणाऱ्या हाताच्या पुण्याईने कोणी वाचले नाही. एजोब म्हणजे काही मोलाची वनस्पती नव्हे. ती भिंतीतून उगवते असे शलमोनाच्या ज्ञानाचे वर्णन करताना म्हटले आहे (१ राजे ४:३३). आज्ञापालनाची किंमत त्या जुडीइतकीच. जुडीवाचून रक्त चौकटीपर्यंत जात नाही, आणि जुडीत स्वतःचे असे काही तारक नाही. विश्वास आणि आज्ञापालन यांची ताटातूट करू पाहणाऱ्यांनी हे पात्र आणि ही जुडी डोळ्यांपुढे ठेवावी. इब्रीकरांस पत्र लिहिणाऱ्यानेही हेच केले आहे. मोशेने विश्वासाने काय केले हे सांगताना त्याच्या मनातील भावनांचे वर्णन तो करीत नाही. त्याने वल्हांडण पाळला व रक्त लाविले, एवढेच सांगतो (इब्री ११:२८).

आता त्या मुलाच्या प्रश्नाकडे येऊ. आत बसलेल्याला रक्त दिसत होते काय?

यहूदी शास्त्र्यांत यावर जुना वाद आहे, हे वाचकांना कदाचित ठाऊक नसेल. खूण तुमच्यासाठी असे म्हटले आहे, म्हणून रक्त चौकटीच्या आतल्या बाजूला लावले असावे, असे काहींनी मानले. अकराव्या शतकातील प्रख्यात भाष्यकार राशी यांचेही मत तसेच आहे. दुसऱ्यांनी बाहेरची बाजू मानली. आम्हांला दुसरे मत सरळ वाटते, कारण नाश करणारा बाहेरून येणार होता व घरात शिरावयाचा होता (१२:२३). पण वाद कसाही सुटो, मुख्य मुद्दा बदलत नाही. मी रक्त पाहीन तेव्हा तुम्हांला ओलांडून जाईन, असे परमेश्वराने म्हटले. आपल्या बायबलातील वल्हांडण हा शब्द या ओलांडून जाण्याचाच आहे. पाहणारा तो होता. घरच्यांनी मध्यरात्री उठून रक्त आहे ना, वाळून गळून तर पडले नाही ना, हे तपासावे असे कोठेच सांगितलेले नाही. उलट सकाळपर्यंत कोणीही दाराबाहेर पडू नये अशी सक्त आज्ञा होती.

तेव्हा त्या थोरल्या मुलाजवळ होते काय? संध्याकाळी बापाला त्याने जुडी हातात घेताना पाहिले होते. मोशेने काय सांगितले ते त्याने ऐकले होते. बाकी बंद दार, भाजलेल्या मांसाचा वास, कडू भाजीची चव, कमर बांधलेली, पायांत जोडे, हातात काठी, आणि बाहेर काळोख. मध्यरात्री आक्रोश सुरू झाला. ज्यात कोणी मेला नव्हता असे मिसऱ्यांचे एकही घर नव्हते (१२:३०), म्हणजे तो आवाज चहूंकडून आला असेल. अशा वेळी एखादा मुलगा निश्चिंत बसला असेल, दुसरा आईला बिलगून थरथर कापत असेल. एका घरातला बाप स्तोत्र म्हणत असेल. शेजारच्या घरातला मनात म्हणत असेल, नीट लावले ना मी, डाव्या बाजूला कमी तर पडले नाही? सकाळी दोन्ही घरांतले थोरले मुलगे जिवंत होते. रक्त दोन्ही चौकटींवर होते, आणि पाहणाऱ्याने ते पाहिले होते. आत बसलेल्यांची छाती किती धडधडली याची मोजदाद कोणी केली नाही.

आजाऱ्यांच्या भेटीला जाताना ही गोष्ट आम्हांला वारंवार आठवते. अंथरुणाला खिळलेली वृद्ध माणसे कधी हळूच विचारतात, "आमचा विश्वास पुरेसा आहे का हो?" आपला विश्वास तपासून पाहावा म्हणून ती सारखी आत पाहतात, आणि आत पाहिले की भीतीच दिसते. त्यांना आम्ही या थरथरणाऱ्या मुलाची गोष्ट सांगतो.

शिक्षकांना आणखी एका प्रश्नाला तोंड द्यावे लागेल. मुले तो विचारतातच. मिसरी मुलांनी काय केले होते? हा प्रश्न गुळगुळीत उत्तराने झाकू नये, अशी आमची विनंती आहे. फारोने इब्री मुलगे नाईल नदीत टाकविले होते (१:२२), आणि इस्राएल माझा ज्येष्ठ पुत्र आहे, त्याला सोडले नाहीस तर तुझा ज्येष्ठ पुत्र मारीन, अशी ताकीद त्याला फार आधी मिळाली होती (४:२२-२३). एवढे सांगावे. पण जात्याशी बसणाऱ्या दासीचा आणि कारागृहातील बंदिवानाचा मुलगाही त्या रात्री मेला (११:५; १२:२९), आणि त्यांना कोणी विचारून निर्णय घेतला नव्हता. एका हट्टी राजाच्या पापाची झळ जात्यापाशी बसलेल्या बाईला लागली, ही गोष्ट शास्त्र लपवीत नाही. आपणही लपवू नये. यहूदी कुटुंबांत वल्हांडणाच्या जेवणात दहा पीडांची नावे घेताना प्रत्येक नावाबरोबर प्याल्यातील द्राक्षारसाचा एक थेंब काढून टाकण्याची चाल आहे. शत्रूच्या दुःखामुळे आपला आनंदाचा प्याला भरलेला राहू नये, असा तिचा अर्थ पुष्कळजण सांगतात. ती सुटका गोड होती, पण तिच्याबरोबर कडू भाजीही खावयाची होती.

हेही विसरू नये की, ऐकणारे मिसरीही होते. गारांच्या पीडेपूर्वी फारोच्या ज्या सेवकांना परमेश्वराच्या शब्दाचे भय वाटले त्यांनी आपली माणसे व गुरे घरात आणली, आणि ती वाचली (९:२०). मिसर सोडताना इस्राएलाबरोबर मोठा मिश्र समुदायही निघाला (१२:३८). परक्याने सुंता करून वल्हांडण पाळावा, देशातला व परका यांना एकच नियम, असे त्याच अध्यायात ठरविले आहे (१२:४८-४९). ते दार वंशावळ पाहून उघडत किंवा मिटत नव्हते.

पुढील काळात हा सण कसा पाळला गेला हा मोठा विषय आहे. दोनच प्रसंग येथे घेऊ. सीनायच्या रानात काही माणसे प्रेताच्या स्पर्शाने अशुद्ध झाली होती, आणि आम्हांला का वगळता, असे त्यांनी मोशेला विचारले. मोशेने परमेश्वराला विचारून सांगितले की, त्यांनी दुसऱ्या महिन्याच्या चौदाव्या दिवशी वल्हांडण पाळावा (गणना ९:६-११). शेकडो वर्षांनी हिज्कीया राजाने हीच सवलत घेऊन दुसऱ्या महिन्यात सण केला. एफ्राईम, मनश्शे, इस्साखार, जबुलून या उत्तरेकडील वंशांतून पुष्कळ लोक आले, आणि शुद्ध न होताच, लिहिल्याप्रमाणे नव्हे अशा रीतीने, त्यांनी वल्हांडण खाल्ला. ज्यांनी देवाला शोधण्याकडे मन लाविले आहे त्यांना क्षमा कर, अशी हिज्कीयाने प्रार्थना केली, आणि परमेश्वराने लोकांस बरे केले (२ इति. ३०:१८-२०). आज्ञापालनाच्या नावाखाली दुसऱ्याच्या चुका मोजत बसणाऱ्यांनी हा अध्याय अवश्य वाचावा. आमच्या मते तो आपल्या पंचांच्या सभेतही अधूनमधून वाचला जावा.

मराठी वाचकांना जवळची अशीही एक गोष्ट आहे. कोकणातील बेने इस्राएल लोक शेकडो वर्षे इतर यहूद्यांपासून तुटून राहिले. घाण्यावर तेल काढणे हा त्यांचा धंदा, शनिवारी काम बंद म्हणून शनवार तेली हे नाव. त्यांच्याजवळ ना इब्री शास्त्राची प्रत राहिली, ना बेखमीर भाकरीची आठवण. तरीही वल्हांडणाच्या दिवसांत आंबट रसाचे मडके झाकून ठेवावयाचे, हा सण ते पाळीत राहिले असे त्यांच्या इतिहासात सांगितले आहे. का झाकावयाचे हे विसरले, पण झाकण उचलले नाही. पुढे त्यांना शास्त्राची ओळख नव्याने झाली. त्यात मिशनऱ्यांचाही वाटा होता, डॉ. जॉन विल्सन यांनी १८३२ साली त्यांच्यासाठी मराठीतून इब्री व्याकरण छापले. १८७४ साली पुण्यास वल्हांडणाच्या रात्री वाचावयाचे पुस्तक मराठी भाषांतरासह निघाले, आणि त्यातील चित्रांत बेखमीर भाकरी करणाऱ्या बायका लुगडी नेसलेल्या आहेत. कारण विसरल्यावरही टिकलेल्या आज्ञापालनाला आंधळी रूढी म्हणणे सोपे आहे. पण ते मडके कोणी झाकलेच नसते, तर कारण परत आले तेव्हा ते ठेवावयास जागा राहिली नसती, असे आम्हांला वाटते.

प्रभू येशूने शिष्यांबरोबर वल्हांडणाचे शेवटचे भोजन केले, ते आपण प्रभुभोजनाच्या वेळी आठवितोच. एका तपशिलाकडे मात्र लक्ष वेधावेसे वाटते. मिसरातील पहिल्या रात्री सकाळपर्यंत कोणीही दाराबाहेर पडावयाचे नव्हते. त्या पहिल्या रात्रीच्या सर्वच अटी पुढील पिढ्यांना लागू नव्हत्या, म्हणून यात नियमभंग झाला असे समजू नये. तथापि त्या रात्री भोजन आटोपल्यावर प्रभू उठून बाहेर, जैतुनांच्या डोंगराकडे गेला (लूक २२:३९). ज्येष्ठ पुत्र दार उघडून काळोखात गेला, आणि शिष्यांना झोप लागली असता त्याने एकट्याने तो प्याला घेण्याचे कबूल केले. ख्रिस्त हा आपला वल्हांडण, असे पौल म्हणतो (१ करिंथ ५:७), त्यामागे ही रात्र आहे.

शब्बाथशाळेच्या शिक्षकांना एक सूचना. यंदा मुलांना दाराचे चित्र आतून काढावयास सांगा. चित्रात मिटलेले दार, दिवा, मध्ये ताट, भोवती घरची माणसे, कोपऱ्यात पीठ मळण्याची काथवट बांधून तयार. तांबडा रंग द्यावयाचा नाही, कारण आतून तो दिसत नाही. मग मुलांना विचारा, या घरात कोणाला काय ठाऊक आहे? आमच्या मंडळीतील बाईंनी पुढच्याच रविवारी असे करून पाहिले. त्या मुलाने चित्र काढले, मन लावून काढले, आणि पुन्हा विचारले, "पण बाई, बाबा रक्त लावायला विसरले असते तर?"

बाईंना ठाऊक होते की, त्याचे वडील कित्येक महिने उपासनेला आलेले नाहीत. त्यांनी निर्गमाच्या बाराव्या अध्यायाचे चौथे वचन काढले. घरची माणसे कोकऱ्याला पुरेशी नसतील तर त्या घराने जवळच्या शेजाऱ्याबरोबर मिळून कोकरू घ्यावे, असे तेथे आहे. ते वचन लहान कुटुंबासाठी आहे, विसरलेल्या बापासाठी नव्हे, हे त्यांनी प्रामाणिकपणे सांगितले. मग विचारले, "तुमच्या शेजारी मंडळीतलं कोण राहतं रे?" मुलगा म्हणाला, "तुम्हीच की."

त्या आठवड्यात बाई आपल्या यजमानांना घेऊन त्या घरी गेल्या.